वन्संच्या कुत्र्यांसाठी टोपल्या

३ फेब्रुवारी, सोमवार

आज दवाखान्यात तीन पायांचं कुत्रं आलं. सोबत वन्सं.

आमचा दवाखाना दातांचा आहे, जनावरांचा नाही — पण हे वन्संना कोण सांगणार? बाकावरच्या बाईंनी दुखरा गाल सोडून आधी पाय वर घेतले. मी माझ्या टेबलामागून उठले आणि दोघांना जिन्यात घेऊन गेले. कुत्र्याचं नाव तिपाई. स्वभावाने शांत. वन्संपेक्षा तरी शांत.

बातमी वाईट आहे. वन्संनी जुन्या वखारीत काढलेल्या जनावरांच्या निवाऱ्याला नगरपालिकेची नोटीस आलीय. गेल्या आठवड्यात त्यांचं गाढव वखारीतून बाहेर पडलं आणि मोठ्या रस्त्याच्या मधोमध जाऊन उभं राहिलं. नुसतं उभं. मागे बसगाड्यांची रांग. आता महिनाअखेरीपर्यंत वखारीभोवती पक्कं कुंपण हवं, नाहीतर सगळी जनावरं उचलून नेणार. कुठे नेणार ते नोटिशीत नाही. वन्सं म्हणाल्या, तेच तर वाईट.

कुंपणाला पैसे नाहीत. पण वन्संकडे कल्पना आहे! भेटवस्तूंच्या टोपल्या करून विकायच्या. एकेका विषयाची एकेक टोपली — चहाची, आंघोळीची, गाढ झोपेची, आजारी माणसाची. वर चकचकीत कागद आणि रिबन. मी म्हटलं, छान आहे, करा की. तर म्हणतात, "वखारीत कुठे करू, वहिनी? शेळी रिबन खाते."

म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलावर.

आणि त्या टेबलाशी, खिडकीकडे तोंड करून, दिवसभर सासूबाई बसतात.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काल झोपच नीट लागली नाही. या मायलेकी तीन वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत. राहतात एकाच गावात, बसने तीन थांबे. वन्संनी विम्याच्या ऑफिसातली नोकरी सोडली, जुनी लाकडाची वखार भाड्याने घेतली, रस्त्यावरची कुत्री-मांजरं गोळा केली — इथपर्यंत सासूबाईंनी दात-ओठ खाऊन सोसलं. पण लेकीच्या लग्नासाठी म्हणून जपून ठेवलेले दागिने विकून लेकीने एका कुत्र्याचं ऑपरेशन केलं, तेव्हा मात्र संपलं. आमच्या पुढच्या खोलीत सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुला माणसं नकोत ना? मग आम्हीही माणसंच आहोत."

तेव्हापासून टपाल माझ्याकडे. "तिला सांग, गार वारा सुटलाय, स्वेटर घाल." — "आईला सांग, मी लहान नाही." मी दोन्हीकडचं मऊ करून पोचवते. म्हणजे सरळ खोटं बोलते.

आजही बोलले. टोपल्या दवाखान्याच्या मदतनिधीसाठी आहेत म्हणून सांगितलं.

"दातांना मदतनिधी?" सासूबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, गरीब दातांना.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वन्संनी सामान दवाखान्यात आणून टाकलं. मी घरी आणून टोपल्या भरल्या. साबण आणि बिस्किटं एकाच टोपलीत ठेवायची नसतात हे आज कळलं. बिस्किटांना गुलाबाचा वास लागला. ह्यांनी त्यातलं एक खाल्लं आणि म्हणाले, चव वेगळी आहे, कुठून आणली?

रिबनचं फूल जमत नाही. माझं फूल म्हणजे जोराचा अपघात झालेलं फूल दिसतं. सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. म्हणजे मला वाटलं, बाहेर बघतायत.

८ फेब्रुवारी, शनिवार

पकडले गेले!

सासूबाईंनी रिबनमधून एक केस ओढून काढला. लांब, पिवळट, राठ. उजेडात धरला. "दवाखान्यात दातांना केस असतात का गं?"

मी सगळं सांगून टाकलं. नोटीस, गाढव, कुंपण. त्या खिडकीकडे वळल्या. संध्याकाळभर मागे वळून बघितलं नाही. हे टीव्ही बघत होते, त्यांनीही आवाज बंद केला आणि नुसती चित्रं बघत बसले.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी उठून बघते तर माझ्या सगळ्या टोपल्या सोडलेल्या. आणि पुन्हा बांधलेल्या. रिबनची फुलं अशी की हात लावायची भीती वाटावी.

सासूबाई टेबलाच्या डोक्याशी बसलेल्या. म्हणाल्या, "तिचं कुंपण होवो न होवो, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. पण माझ्या घरातून असली टोपली बाहेर जाणार नाही."

मग कामाची वाटणी झाली. कागद कापणं ह्यांच्याकडे. पाणीपुरवठा खात्यातला एवढा मोठा इंजिनिअर, त्याला सरळ रेषेत कात्री चालवता येत नाही म्हणून तीनदा बोलणी बसली. चौथ्यांदा हे आपणहून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं गंमत करतायत. नव्हती गंमत.

एवढी वर्षं सासूबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या म्हणे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सासूबाई टोपल्या विकतात! फोनवरून!

पद्धत अशी. फोन लावायचा. "ओळखलंस का?" एवढंच विचारायचं आणि थांबायचं. पलीकडे शांतता, मग खुर्ची सरकल्याचा आवाज — माझी खात्री आहे, लोक उभे राहतात. "सातवी ब. खिडकीकडचा बाक. गृहपाठ घरी विसरायचास." मग टोपलीचा विषय. गावात त्यांच्या हाताखालून गेला नाही असा माणूस सापडणं कठीण आणि नाही म्हणणारा तर त्याहून कठीण. बँकेच्या मॅनेजरने घेतल्या. हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांनी तर बऱ्याच घेतल्या आणि वर सांगितलं, बाई, आता मी काही विसरत नाही.

एक राँग नंबर लागला. त्या बिचाऱ्यानेही एक घेतली.

एका टोपलीत कुंपणाचा एक खांब होतो असं वन्संनी सांगितलंय. त्यामुळे आता लोक दवाखान्यात येऊन मला म्हणतात, "दोन खांब द्या." डॉक्टरांना वाटलं दात बसवायची नवीन पद्धत निघाली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वन्संचे विषय रद्द. फक्त गाढ झोप वाचली. "आजारी माणसाची टोपली कोण विकत घेणार? आजारी माणूस तर झोपलेला असतो," — इति सासूबाई.

नवे विषय त्यांनी काढले. वक्तशीरपणाची टोपली: गजराचं घड्याळ, चहापत्ती, बूट पुसायचं फडकं. निकालाची टोपली, त्यात दोन प्रकार, पास आणि नापास. दोन्हींत सामान तेच, फक्त नापासमध्ये चॉकलेट जास्त. आणि माफीची टोपली: मऊ हातरुमाल, चांगला साबण, चॉकलेट आणि एक कोरं कार्ड.

ह्यांनी विचारलं, कार्डावर मजकूर छापूनच का देत नाही? लोकांचा त्रास वाचेल.

"माफी ज्याची त्याने लिहावी," सासूबाई म्हणाल्या.

माफीच्या टोपल्या सगळ्यांत जास्त खपतायत. या गावात एवढे लोक चुकलेत हे मला माहीत नव्हतं. कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयवाल्याने तीन नेल्या. कोणाकोणासाठी, ते बोलला नाही. मीही विचारलं नाही. आमच्या समोर राहणाऱ्या बाईंनी मात्र येऊन चौकशी केली, तिसरी कोणासाठी ते कळलं का.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज मोठीच गोष्ट झाली. नीट लिहून ठेवते.

वन्सं दवाखान्यात आल्या आणि पैसे मोजून एक माफीची टोपली विकत घेतली. त्यांच्याच कुंपणासाठी, त्यांच्याच पैशाने! आतलं कार्ड काढलं, माझंच पेन घेतलं, टेबलावर वाकून एक ओळ लिहिली. म्हणाल्या, "आईला द्या. मऊ करू नका."

मी घरी येऊन सासूबाईंच्या समोर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेले. म्हणजे दाराआड उभी राहिले. त्यांनी कार्ड वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग उठून कपाटातून लाल पेन काढलं. काहीतरी केलं. कार्ड माझ्या हातात दिलं.

"आणि टोपली?" मी विचारलं.

"चांगली टोपली आहे. वाया कशाला घालवायची?" तासाभरात त्यांनी ती शिंप्याला विकली.

कार्ड घेऊन मी तशीच बसने वखारीत गेले. कार्डावर वन्संनी लिहिलं होतं — दागिने विकले ते चुकलं नाही, पण आधी तुला सांगायला हव होतं. आणि 'हव'च्या डोक्यावर लाल शाईने एक अनुस्वार दिलेला. बाकी काही नाही. मला तर रडूच यायला लागलं. एवढी ओळ वाचून बाईंना अनुस्वार तेवढा दिसला!

वन्सं कार्डाकडे खूप वेळ बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. डोळे पुसत हसत होत्या.

"वहिनी," म्हणाल्या, "तीन वर्षांनी आईने मला काहीतरी लिहून पाठवलंय."

१७ फेब्रुवारी, सोमवार

सासूबाई नगरपालिकेत गेल्या. मी रजा काढून सोबत. नोटीस काढणारा साहेब त्यांचाच विद्यार्थी निघाला. मनात म्हटलं, झालं! मुदत वाढवून मिळाली की आपण सुटलो. कारण खांब होतायत, पण तारेची जाळी अजून व्हायचीय आणि दिवस भरभर चाललेत.

साहेब उभा राहिला, स्वतःची खुर्ची दिली, शिपायाला चहा आणायला पिटाळलं. सासूबाईंनी विचारलं, कुंपण किती उंच हवं, कशाचं हवं, फाटक कुठल्या बाजूला उघडायला हवं. त्याने धडाधडा उत्तरं दिली, तोंडी परीक्षेसारखी. मग स्वतःच म्हणाला, "बाई, तुमच्या मुलीचं आहे हे मला माहीत नव्हतं. तुम्ही म्हणत असाल तर महिनाभर पुढे ढकलू."

माझा जीव भांड्यात पडला. अगदी अर्धा मिनिट.

"अजिबात नाही," सासूबाई म्हणाल्या. "तारीख दिलीस ना? मग पाळ. अठ्ठावीसला स्वतः येऊन बघ. आणि मोजायला टेप घेऊन ये, नजरेने मोजू नकोस. तुझी नजर तेव्हाही कच्ची होती."

आणि त्याला वक्तशीरपणाच्या दोन टोपल्या विकल्या.

मी जिन्यात खालीच बसले. वन्संना फोन करून सांगितलं. उत्तर म्हणून तिकडून फक्त गाढव ओरडलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वन्संचा निरोप: "आईला सांगा, फार उपकार झाले."

सासूबाईंचा उलटा निरोप: "तिला सांग, मेहेरबानीवर उभं केलेलं कुंपण पहिल्या तक्रारीला पडतं."

दोन्ही जसेच्या तसे पोचवले. मला आता मऊ करायचा कंटाळा आलाय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

घरात पाऊल ठेवायला जागा नाही. पलंगाखाली निकाल, कपाटावर माफी, न्हाणीघराच्या दारात गाढ झोप. हे सकाळच्या घाईत जेवणाच्या डब्याची पिशवी समजून गाढ झोपेची टोपली उचलून ऑफिसला गेले. दुपारी उघडली. आत उशीचा अभ्रा, डोळ्यांवर बांधायची पट्टी आणि झोप आणणारा कॅमोमाइलच्या फुलांचा चहा. चहा प्यायले. मीटिंगमध्ये डुलकी लागली म्हणे. टोपलीचा गुण आहे असं सासूबाईंचं मत. उद्यापासून जाहिरातीत घालणार आहेत.

रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये मोठी विक्री ठेवलीय. हॉल वखारीपासून जवळ. म्हणून उद्या सगळ्या टोपल्या वखारीच्या पुढच्या खोलीत हलवायच्या असं मी आणि वन्संनी ठरवलं. सासूबाईंना ते पसंत नाही.

"खोलीला कुलूप आहे का?"

मी म्हटलं, कडी आहे.

"कडी म्हणजे कुलूप नव्हे."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

टेम्पोने टोपल्या हलवल्या. घर एकदम मोठं वाटतंय. कडी नीट लावली. मी स्वतः ओढून बघितली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कडी शेळीने काढली.

दुपारी वन्सं एका जखमी मांजराला आणायला गेल्या होत्या. तेवढ्यात. शेळीने दार उघडलं, आत शेळी गेली, मागून कुत्री गेली, त्यांच्या मागून गाढव गेलं. आणि एवढ्या सगळ्यांची दाटी झाल्यावर मांजरं खिडकीतून बाहेर पडली, तेवढीच काय ती शहाणी. बिस्किटं गेली. रिबन गेल्या. चॉकलेट आयत्या वेळी भरायला म्हणून वेगळं वरच्या फळीवर ठेवलं होतं, ते वाचलं, नाहीतर कुत्र्यांना ते विष. कागदाचा तर भुगा. अर्ध्याहून जास्त टोपल्या फाटल्या.

संध्याकाळी आमची बेल वाजली. दार उघडते तर वन्सं! तीन वर्षांत पहिल्यांदा. केसांत कागदाचे तुकडे, हातात एक चावलेला साबण, खाली रस्त्यावर टेम्पोत उरलंसुरलं सामान. मला वाटलं आता रडतील. पण त्या उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या. आत येईनात.

सासूबाई दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. "कोण आहे?"

मी काही बोलायच्या आत वन्सं म्हणाल्या, "आई, मी. सगळं वाया गेलं."

हे हातातलं वर्तमानपत्र न वाचता उलटं-सुलटं करत होते.

सासूबाई वळल्या नाहीत. म्हणाल्या, "पाय पुसून आत ये. आणि काय काय उरलंय ते आधी टेबलावर मांड."

मग सगळं मांडलं. साबणांना दात लागलेले. टोपल्यांच्या कडा कुरतडलेल्या. घड्याळं धड. रुमाल धड, पण त्यावर पंज्यांचे ठसे. वन्सं म्हणाल्या, ठसे धुऊन टाकू, कडा आतल्या बाजूला वळवू, कोणाला कळणार नाही.

"फसवून विकायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "जे झालं ते चिठ्ठीवर लिहायचं." आणि पहिली चिठ्ठी स्वतः लिहिली, त्यांच्या त्या फळ्यावरच्या ठसठशीत अक्षरात: ही टोपली शेळीने तपासली आहे.

वन्संनी ती वाचली. मायलेकी एकमेकींकडे बघत नव्हत्या, पण दोघींचेही खांदे हलत होते. आधी कोण हसलं ते मला सांगता येणार नाही. हे म्हणतात आई. मी म्हणते वन्सं.

जेवायला पाच ताटं नाही, चारच — आमचा मुलगा परगावी नोकरीला असतो. पण खूप दिवसांनी टेबलाच्या चारही बाजू भरल्या. टेबलावर मात्र साबणांमुळे जागा नव्हती, म्हणून ताटं मांडीवर.

२३ फेब्रुवारी, रविवार

सगळं गेलं! सगळंच्या सगळं!

लोक धडक्या टोपल्यांकडे बघेनात. ज्याला-त्याला शेळीने तपासलेली हवी. "गाढवाची आहे का?" असं विचारत होते. होती ना. 'गाढवाने नाकारलेली' अशी चिठ्ठी लावलेल्या आंघोळीच्या दोन टोपल्या — बँकेचा मॅनेजर आणि शिंपी यांच्यात त्यावरून बाचाबाची झाली. शेवटी सासूबाईंनी दोघांना एकेक दिली आणि हात मिळवायला लावले.

आमचे डॉक्टर आले. चावलेला साबण उचलला, चष्मा कपाळावर चढवून निरखला आणि गंभीरपणे म्हणाले, हा जो कोणी आहे त्याचा वरचा सुळा हलतोय, सोमवारी दाखवा. वन्संनी ठशावरून कुत्रं ओळखलं. उद्या अपॉइंटमेंट दिलीय. सकाळची पहिली, म्हणजे बाकीचे पेशंट यायच्या आत.

जाळीची सोय झाली. फाटकाचीही. वन्संनी हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर बसून रडून घेतलं. सासूबाई आत टेबलं पुसून घेत होत्या. मी म्हटलं, वन्सं बाहेर आहेत. म्हणाल्या, "रडू दे. तिला लोकांसमोर रडायला आवडत नाही. लहानपणापासून."

२६ फेब्रुवारी, बुधवार

कुंपणाचं काम सुरू. आज सासूबाई म्हणाल्या, गवंडी खांब सरळ लावतायत का ते बघायला हवं. म्हणून गेलो. त्यांनी वखारीत पाऊल ठेवलं ते पहिल्यांदाच.

आधी सगळी कुत्री भुंकली. सासूबाई फाटकात थांबल्या. ओरडल्या नाहीत, हात उचलला नाही. नुसत्या बघत राहिल्या. एकेक कुत्रं गप्प होत गेलं. शेवटी एक धाकटं पांढरं उरलं, तेही आपला आवाज एकट्याचाच येतोय हे कळल्यावर खाली बसलं. गवंडीसुद्धा ताठ उभे राहिले.

मग वन्सं त्यांना एकेक जनावर दाखवत फिरल्या. मी मागून. तिपाईपाशी आल्यावर वन्सं थांबल्या. म्हणाल्या, "आई, तुझे दागिने."

सासूबाईंनी कुत्र्याकडे बघितलं. कुत्र्याने सासूबाईंकडे.

"एक पाय कमी आहे."

"तेवढ्यातच भागलं," वन्सं म्हणाल्या.

मला वाटलं, झालं, आता पुन्हा तीन वर्षं! पण सासूबाई वाकल्या — गुडघे दुखतात तरी वाकल्या — आणि तिपाईच्या डोक्यावर हात ठेवला. "दिसायला बरं आहे," एवढंच म्हणाल्या. वन्संनी मान फिरवून गवंड्यांना उगाचच काहीतरी सांगितलं.

परत निघताना सासूबाईंच्या साडीला पिवळे केस होते. त्यांनी झटकले नाहीत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेब टेप घेऊन आला. मोजलं. उंची बरोबर. फाटक बाहेरच्या बाजूला उघडतं की आतल्या, तेही तपासलं. गाढवाने त्याच्या खिशातला रुमाल ओढून काढला, पण त्याने ते कागदावर घेतलं नाही. नोटीस रद्द झाल्याची सही केली आणि सासूबाईंना विचारलं, "बाई, अक्षर बरं आहे ना?"

"सुधारलंय," सासूबाई म्हणाल्या.

एवढा मोठा माणूस, कानापर्यंत लाल झाला. जाताना आपणहून ते धाकटं पांढरं कुत्रं घरी न्यायचं का, असं वन्संशी बोलत होता.

४ मार्च, मंगळवार

कुंपण झालं, पण सासूबाई रोज वखारीत जातात. सकाळच्या बसने. तिथे शिस्त नाही म्हणतात. जनावरांच्या खाण्याला वेळ नाही, औषधांच्या बाटल्यांवर नावं नाहीत, भेटायला येणारे कधीही येतात. आता येणाऱ्यांना तिथे पुढच्या खोलीत रांगेत बसावं लागतं. कुत्रं घरी न्यायचं तर आधी मुलाखत. काल एका कुटुंबाला नापास केलं, आज ते अभ्यास करून परत आले.

वन्सं फोनवर तक्रार करतात. "वहिनी, आईला सांगा, मलाही जरा विचारत जा." मी म्हटलं, आता तुम्हीच सांगा, शेजारीच बसल्यात तुमच्या. टपाल बंद.

सुळा काढला. साबण चावणाऱ्या त्या थोराड काळ्या कुत्र्याचा. जनावरांच्या डॉक्टरांना मदतीला बोलावलं होतं. आमचे डॉक्टर म्हणाले, आठवड्यातला सगळ्यांत समजूतदार पेशंट.

७ मार्च, शुक्रवार

आज सासूबाईंना आणायला गेले होते. बसमध्ये शेजारी बसल्या होत्या. खूप वेळ बाहेर बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझं घर माझ्याशिवाय चालतं. तू चांगलं चालवतेस. मी कधी म्हटलं नाही."

एवढ्या वर्षांत हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. बस तशीच चालली होती. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तिचं नाही चालत."

आमचा थांबा मागे पडला. दोघींच्याही लक्षात आलं नाही.

९ मार्च, रविवार

आई गेल्या.

तसं नाही! वखारीत राहायला गेल्या. दोन बॅगा, चष्म्याचं घर, लाल पेनांचा डबा. वन्सं स्वतः न्यायला आल्या होत्या. दारातून निघताना दोघींची कोणती बॅग कोणी उचलायची यावरून चांगली जुंपली होती, ती खाली रस्त्यापर्यंत ऐकू येत होती.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. घरात आम्ही दोघंच, हे आज पहिल्यांदा.

जेवायला बसलो. ह्यांनी टीव्ही लावला, परत बंद केला. दोनदा घसा खाकरला. मग म्हणाले, "तू दवाखान्यात नेमकं काय करतेस गं?"

सांगायला सुरुवात केली.